हब हवं, पण माणसं सुटायला नकोत

आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी एखाद्या गावाची सिलिकॉन व्हॅली होते, निदान भाषणात तरी. कधी हिंजवडीची, कधी नवी मुंबईची, कधी नागपूरच्या मिहानची, कधी शेंद्रा-बिडकीनची. घोषणेतला मजकूर ठरलेला असतो: इतके एकर जमीन, इतक्या कोटींची गुंतवणूक, इतके रोजगार. मुद्रांक शुल्कात माफी, वीज शुल्कात सूट, जादा एफएसआय. पाच-सहा वर्षांनी तिथे काचेच्या इमारती उभ्या राहतात, बाहेर वडापावच्या गाड्या लागतात, संध्याकाळी वाहतूक तुंबते आणि आपण म्हणतो, झालं हब.

या आकडेमोडीत एक प्रश्न मला कधी दिसलेला नाही. इथे नोकरी करणाऱ्याचं मालकाशी पटेनासं झालं, किंवा त्याच्या डोक्यात मालकापेक्षा बरी कल्पना आली, तर तो उद्या उठून शेजारच्या इमारतीत जाऊ शकतो का? स्वतःचं दुकान टाकू शकतो का? जगातली जी मोजकी ठिकाणं खरोखर तंत्रज्ञानाची माहेरघरं झाली, त्यांच्या बाबतीत जमिनीच्या भावापेक्षा हा प्रश्न जास्त निर्णायक ठरला, असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर कायद्यात 'हो' आहे आणि व्यवहारात 'नाही'.

मूळ सिलिकॉन व्हॅलीपासूनच सुरुवात करू. विल्यम शॉकली हा ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्रांतल्या चिमुकल्या स्विचच्या, तीन जनकांपैकी एक. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी त्याने कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे स्वतःची प्रयोगशाळा थाटली. त्याची आई शेजारच्या पालो अल्टोत राहत होती, हे जागा निवडण्यामागचं एक मोठं कारण. माणसं मात्र त्याने देशभरातून वेचून आणली. शास्त्रज्ञ म्हणून थोर असलेला हा गृहस्थ साहेब म्हणून असह्य होता. एका सेक्रेटरीच्या अंगठ्याला काहीतरी टोचून जखम झाली, तर हा घातपात आहे असं ठरवून त्याने कर्मचाऱ्यांना लाय डिटेक्टरवर बसवायचं काढलं. सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं काम मागे पडलं आणि साहेब स्वतःच्या लाडक्या चार थरांच्या डायोडमागे लागले. सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जणांनी राजीनामे दिले. त्यात रॉबर्ट नॉइस होता, गॉर्डन मूर होता. भांडवल जमवून देणाऱ्या दोघा जणांशी त्यांचं जे ठरलं ते स्टँपपेपरवरही नव्हतं. एक डॉलरच्या दहा कोऱ्या करकरीत नोटा पुढे आल्या आणि सगळ्यांनी प्रत्येक नोटेवर सह्या केल्या. पुढे फेअरचाइल्ड कॅमेरा या कंपनीने पैसे घातले आणि जवळच पालो अल्टोत फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली.

'गद्दार आठ' हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. (आपल्याकडे हा शब्द अलीकडे फारच स्वस्त झाला आहे, पण ते सोडा.) गंमत म्हणजे, या गद्दारांनाही पुढे तेच सोसावं लागलं. फेअरचाइल्डमधून १९६१ मध्येच काही जण फुटून बाहेर पडले. १९६८ मध्ये नॉइस आणि मूर यांनी फेअरचाइल्ड सोडून इंटेल ही चिप कंपनी काढली. १९६९ मध्ये फेअरचाइल्डच्याच जेरी सँडर्सने सोबत्यांना घेऊन एएमडी ही दुसरी चिप कंपनी काढली. आठांपैकी यूजीन क्लायनर १९७२ मध्ये नव्या कंपन्यांना भांडवल पुरवणाऱ्या फंडाचा भागीदार झाला. शॉकलीची प्रयोगशाळा मात्र कधी नफ्यात आली नाही. ती तशीच टिकली असती आणि ही आठ माणसं करारात अडकून तिथेच कुढत बसली असती, तर त्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या सिलिकॉन व्हॅलीत, जर्दाळूच्या बागा कदाचित आणखी काही वर्षं राहिल्या असत्या.

कॅलिफोर्नियात १८७२ पासून एक कायदा आहे. माणसाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तिथे तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. 'आमच्याकडून गेलास तर वर्षभर प्रतिस्पर्ध्याकडे काम करायचं नाही' अशी अट कंपनीने कागदावर कितीही ठळक छापली, तरी कोर्टात ती टिकत नाही. कुणी या कलमासाठी तिकडे राहायला गेलं नव्हतं. पण त्याचा परिणाम हळूहळू मुरत गेला. देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉस्टनभोवतीच्या १२८ क्रमांकाच्या महामार्गालगत, १९६०-७०च्या दशकांत तंत्रज्ञानाचा तितकाच दबदबा होता. जवळ एमआयटी, हार्वर्ड, शिवाय मिनीकॉम्प्युटर, म्हणजे मध्यम आकाराचे संगणक, बनवणाऱ्या डिजिटल इक्विपमेंट आणि वँग यांच्यासारख्या कंपन्या. तिथे करार पाळायला लावले जात, माणसं एकाच कंपनीत आयुष्य काढत आणि ज्ञान कंपनीच्या कुंपणातच राही. मिनीकॉम्प्युटरचा जमाना संपला तेव्हा वँगने १९९२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १९९८ मध्ये डिजिटल ही कंपनी कॉम्पॅकच्या पोटात गेली. खोऱ्यातही कंपन्या बुडत होत्या, भरपूर बुडत होत्या. फरक इतकाच की तिथे कंपनी बुडण्याआधीच तिच्यातलं शहाणपण शेजारी पोहोचलेलं असायचं. त्या शहाणपणाचा एक मोठा बाजार माउंटन व्ह्यूमधल्या वॅगन व्हील नावाच्या बारमध्ये भरे. एका कंपनीचा इंजिनिअर दुसऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला चिप बनवण्याच्या भट्टीतली अडचण सांगे, आणि दोघांच्याही मालकांना त्याचा पत्ता नसे.

दोन प्रदेशांची तुलना म्हणजे पुरावा नव्हे, हे खरं. हवामान वेगळं, माणसं वेगळी, गिऱ्हाईक वेगळं. म्हणून मिशिगनचं उदाहरण मला अधिक पटतं. मिशिगन राज्यातही असे करार बेकायदा होते. १९८५ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यांची साफसफाई करताना ती बंदी ध्यानीमनी नसताना रद्द झाली. कुणी मोर्चा काढला नव्हता, कुणी मागणीही केली नव्हती. पुढे अभ्यासकांनी पेटंटच्या नोंदींवरून संशोधकांचा माग काढला, तेव्हा मिशिगनमध्ये संशोधकांचं कंपनी बदलण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं.

आता माझ्याच म्हणण्याला खोड काढतो. कॅलिफोर्नियातलं ते कलम मुळात डेव्हिड डडली फील्ड या वकिलाने न्यूयॉर्कसाठी केलेल्या संहितेच्या मसुद्यातून आलं. न्यूयॉर्कने ती दिवाणी संहिता कधी स्वीकारलीच नाही, पण कॅलिफोर्नियाने आणि त्याही आधी डकोटा प्रांताने स्वीकारली. आजही नॉर्थ डकोटात हे कलम आहे. म्हणून काही तिथे चिप बनत नाहीत. तिथे गहू आणि खनिज तेल निघतं. म्हणजे नुसत्या कायद्याने काही होत नाही. सोडून जायला शेजारी दुसरी कंपनी असावी लागते, आणि त्या कंपनीच्या मालाला गिऱ्हाईक असावं लागतं. खोऱ्याला ते गिऱ्हाईक अमेरिकी सरकारच्या रूपाने मिळालं होतं. सुरुवातीच्या आयसी, म्हणजे पहिल्यावहिल्या चिप, इतक्या महाग होत्या की त्या घेणार कोण, तर क्षेपणास्त्रं आणि चांद्रयानं. अपोलोच्या संगणकासाठी सुरुवातीच्या आयसी फेअरचाइल्डनेच पुरवल्या होत्या. खासगी उद्यमशीलतेच्या पोवाड्यांत हे कडवं बहुतेक वेळा गाळलं जातं.

पण उलट बाजूनेही पाहायला हवं. स्टॅनफर्डचे फ्रेडरिक टरमन यांना खोऱ्याचे जनक म्हणतात. विद्यापीठाच्या जमिनीवर उद्योग वसवायची कल्पना त्यांची, विद्यार्थ्यांना कंपनी काढायला उत्तेजन देणारेही तेच. १९६०च्या दशकात बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या नामांकित प्रयोगशाळेच्या पुढाकाराने काही कंपन्यांनी टरमन यांनाच न्यू जर्सीत बोलावलं आणि असंच इथे करून द्या म्हणून सांगितलं. न्यू जर्सीत काय नव्हतं? बेल लॅब्ज होतं, आरसीए ही मोठी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी होती, पैसा होता, देशातले उत्तमोत्तम शास्त्रज्ञ होते. तरी ते जमलं नाही, कारण त्या कंपन्यांना एकमेकींशी सहकार्य करायचंच नव्हतं. ज्या माणसाने मूळ घडवलं, त्यालाच नक्कल घडवता आली नाही. मग रशियाने २०१० मध्ये गाजावाजा करून काढलेल्या स्कोल्कोवो या तंत्रनगरीचं, किंवा मलेशियाने १९९०च्या दशकात वसवलेल्या सायबरजयाचं काय घेऊन बसायचं? इमारती दोन्हीकडे सुरेख आहेत.

सरकारने ठरवून केलेलं आणि तरीही साधलेलं उदाहरण म्हणजे तैवानमधलं सिंचू, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आपले मंत्री तिथे जाऊन येतात आणि परत आल्यावर विज्ञान उद्यानाबद्दल, म्हणजे जमिनीबद्दल बोलतात. उद्यान सुरू झालं १९८० मध्ये. खरी गोष्ट त्याआधीची आहे. १९७३ मध्ये तैवान सरकारने इट्री ही औद्योगिक संशोधन संस्था काढली. १९७६ मध्ये आरसीएशी करार करून तरुण इंजिनिअरांच्या तुकड्या चिप बनवण्याचं तंत्र शिकायला अमेरिकेला पाठवल्या. ते परत आले, संस्थेत प्रायोगिक कारखाना चालवू लागले. आणि मग संस्थेने त्यांना धरून ठेवलं नाही. १९८० मध्ये माणसं आणि तंत्र देऊन यूएमसी ही चिप कंपनी बाहेर काढली. १९८५ मध्ये चिप उद्योगात मुरलेले मॉरिस चँग संस्थेचे प्रमुख झाले आणि १९८७ मध्ये टीएसएमसी ही आणखी एक चिप कंपनी निघाली, तेव्हाही संस्थेतून माणसांचा जथाच्या जथा तिकडे गेला. सरकारी संस्थेने आपली उत्तम माणसं आपल्या हाताने घालवली आणि त्यालाच यश मानलं. आपल्याकडच्या एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या वार्षिक अहवालात 'यंदा आमचे चाळीस शास्त्रज्ञ सोडून गेले आणि त्यांनी कंपन्या काढल्या' असं वाक्य अभिमानाने छापलेलं डोळ्यांपुढे आणून पाहा.

तैवान काही संत नाही. टीएसएमसी स्वतः मोठी झाल्यावर तिथलं वारंही फिरलं. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टीएसएमसीच्या एका माजी वरिष्ठ संशोधकाला काही काळ सॅमसंगमध्ये काम करण्यापासून रोखलं. आणि खोऱ्यातल्या कंपन्या तरी कुठे धुतल्या तांदळाच्या? कायदा अट घालू देत नाही म्हटल्यावर ॲपल, गूगल, इंटेल, ॲडोबी यांनी आपापसात गुपचूप ठरवलं की एकमेकांची माणसं पळवायची नाहीत. प्रकरण उघडकीला आलं, सरकारने २०१० मध्ये खटला भरला आणि २०१५ मध्ये कर्मचाऱ्यांना ४१.५ कोटी डॉलर देऊन या कंपन्यांनी सुटका करून घेतली. मोठ्या झालेल्या प्रत्येक कंपनीला आपल्या मागचं दार लावून घ्यावंसं वाटतं. म्हणूनच ते दार उघडं ठेवायचं काम कंपन्यांवर सोपवता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. १८७२ याच वर्षी इंग्रज सरकारने भारतीय करार कायदा केला. त्याचं कलम २७ सांगतं की कुणालाही कायदेशीर व्यवसाय, धंदा किंवा उद्योग करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. ओळखीचं वाटलं ना? वाटणारच, कारण तेही फील्डच्या त्याच मसुद्यावरून घेतलेलं आहे. ज्या कलमाचे कॅलिफोर्नियात गोडवे गातात, ते हिंजवडीला, ऐरोलीला आणि बेंगळुरूलाही गेली दीडशे वर्षं लागू आहे. कुठल्याही आयटी धोरणाच्या पुस्तिकेत मला त्याचा उल्लेख सापडलेला नाही.

कोर्टांनी या कलमाची वाट मध्येच दुभागली. १९६७ चा सर्वोच्च न्यायालयातला एक खटला महाराष्ट्रातलाच आहे. कल्याणला सेंच्युरी कंपनीचा टायर कॉर्डच्या धाग्याचा कारखाना होता, तंत्र परदेशी कंपन्यांकडून आणलेलं. तिथल्या एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला, दीडेक वर्षात सोडला आणि जास्त पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये रुजू झाला. न्यायालयाने म्हटलं, नोकरीचा करार चालू असेपर्यंतची बंधनं कलम २७ मध्ये येत नाहीत, पाच वर्षं पुरी होईपर्यंत दुसरीकडे हे काम करू नकोस. १९८० मध्ये दुसऱ्या एका खटल्यात नोकरी संपल्यानंतरच्या बंदीला न्यायालयाने थारा दिला नाही. म्हणजे नोकरी सुटली की माणूस मोकळा. पण सुटेपर्यंत त्याला बांधता येतं. मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अटही वैध ठरवली. बँकेचा भरतीचा खर्च आणि सार्वजनिक परीक्षा यांचा विचार करता तो निकाल समजण्यासारखा आहे. पण त्याची फोटोकॉपी काढून कुठकुठल्या खासगी कंपनीचा एचआर ती नव्या पोरांपुढे ठेवणार आहे, याची कल्पना करायला वकील असण्याची गरज नाही.

कारण आपल्याकडे सगळा खेळ 'सुटेपर्यंत' या शब्दातच आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पसमधून निवड होते. पेढे वाटून होतात. मग मेल येतो: स्टँपपेपरवर बाँड करून आणा. दीड किंवा दोन वर्षं सोडायचं नाही, सोडल्यास पन्नास हजार, लाख, दोन लाख 'प्रशिक्षण खर्च'. खाली हमीदाराची सही, बहुतेक वेळा वडिलांची. सांगली-साताऱ्याकडचा एखादा शिक्षक किंवा एसटीतला कंडक्टर मुलाच्या पहिल्या नोकरीसाठी त्या कागदावर सही करतो, तेव्हा तो अटी वाचत नाही, आणि वाचल्या तरी सही करतोच. काही ठिकाणी मूळ मार्कशीट ठेवून घेतात. बाँड संपला की तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतोच. नवी कंपनी म्हणते, पंधरा दिवसांत या. जुनी म्हणते, नव्वद दिवस काढा. 'इमिजिएट जॉइनर' ही आता शैक्षणिक पात्रतेसारखी पात्रता होऊन बसली आहे. मध्येच निघालात तर रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, अडतं, ते नसलं की पुढच्या कंपनीची पडताळणी अडते. नवे कामगार कायदे नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाले. त्यात राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता करायची तरतूद आहे, ती चांगलीच आहे. पण खरी नाडी पगारात नसते, त्या एका पत्रात असते.

२०२२ मध्ये इन्फोसिसच्या नियुक्तिपत्रातल्या अटीवरून वाद झाला तो आठवत असेल. नोकरी सोडल्यावर सहा महिने, ज्या ग्राहकाचं काम केलं त्याच ग्राहकासाठी टीसीएस, विप्रो, कॉग्निझंट अशा नावानिशी दिलेल्या कंपन्यांकडे काम करायचं नाही, अशी ती अट. पुण्यातल्या नाईट्स या कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. कंपनीचं म्हणणं होतं की ही सर्रास चालणारी पद्धत आहे. ते खोटं नव्हतं, आणि दुखणं नेमकं तेच आहे. अशी अट कोर्टात टिकायची शक्यता कमी, पण कोर्टात जातो कोण? पंचवीस वर्षांच्या मुलाला करार कायद्याचं कलम माहीत नसतं आणि एचआरच्या मेलची भीती मात्र वाटते.

महाराष्ट्राला हे सुटून जाणं नवं नाही. भोसरीत जाऊन कुठल्याही जुन्या वर्कशॉपच्या मालकाला विचारा, सुरुवात कुठे केली. टेल्कोत अप्रेंटिस होतो, बजाजमध्ये टूलरूमला होतो, कूपरला होतो. मग भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ टाकला आणि ज्या कंपनीतून निघालो तिचंच जॉबवर्क घेतलं. पिंपरी-चिंचवडचा वाहन उद्योगाचा पट्टा मोठ्या कंपन्यांनी वसवला हे अर्धं सत्य आहे. त्या कंपन्यांमधून निघालेल्या माणसांनी तो भरला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातही हेच घडलं. ऑइल इंजिनं बनवणाऱ्यांच्या हाताखाली शिकलेल्या कारागिरांनी आपापल्या फाउंड्र्या टाकल्या, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी त्यांनी भरून काढल्या. त्या मोल्डरकडून कुणी दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला नव्हता. मालक चिडायचा, शिव्या घालायचा आणि सहा महिन्यांनी त्याच्याचकडून कास्टिंग घ्यायचा.

याच भोसरीतला छोटा मालक आज माझ्यावर उखडेल, आणि त्याचं म्हणणं डावलता येणार नाही. तो म्हणतो, पोरगं आयटीआय करून येतं, त्याला व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर, हात बसवायला मी वर्ष घालवतो, चार महागडी टूल्स मोडलेली सोसतो, आणि तयार झालं की चाकणची मोठी कंपनी दोन-तीन हजार जास्त देऊन घेऊन जाते. मी शाळा काढली आहे का? त्याचा तोटा खरा आहे. मोकळीक सगळ्यांच्या फायद्याची असली तरी तिची किंमत छोट्याला आधी मोजावी लागते. त्यावर उपाय पोराला बांधण्यात नाही. अप्रेंटिस कायद्याखाली सरकार विद्यावेतनाचा काही भाग उचलतं, तो वाढवावा, आणि छोट्यांनी शिकवलेल्यांच्या बाबतीत भरीव वाढवावा. ज्ञान पसरल्याचा फायदा सगळ्या परिसराला होणार असेल, तर शिकवण्याच्या खर्चाचा वाटाही परिसराने, म्हणजे सरकारने आणि त्या मोठ्या कंपन्यांनी उचलायला हवा. हजारो कोटींची उलाढाल असलेली कंपनी जेव्हा फ्रेशरकडून प्रशिक्षण खर्चापोटी लाखभराची हमी मागते, तेव्हा मात्र मला सहानुभूती वाटत नाही. तीन महिन्यांच्या त्या प्रशिक्षणात जे शिकवतात त्यातलं बरंचसं आज यूट्यूबवर फुकट आहे.

गुपितांचं काय, असं विचारलं जातं. गुपितं राखायला वेगळे करार आहेत, पेटंट आहे, कॉपीराइट आहे. कुणी सोर्स कोड पेनड्राइव्हवर टाकून नेला तर त्याला खुशाल कोर्टात खेचा. पण माणसाच्या हातात बसलेलं कसब कंपनीच्या मालकीचं नसतं.

मग करायचं काय? नवा कायदा मागत नाही, कारण कायदा आहे. राज्य सरकारच्या हातात सवलती आहेत, तेवढ्या पुरेशा आहेत. एमआयडीसीचा भूखंड, मुद्रांक शुल्कमाफी, वीज शुल्कातली सूट, जादा एफएसआय यांपैकी काहीही हवं असेल त्या कंपनीने लिहून द्यावं: नोटीस पिरियड तीस दिवसांपेक्षा जास्त नसेल आणि तो दोन्ही बाजूंना सारखा लागू असेल, प्रशिक्षणाचा बाँड घेणार नाही, मूळ कागदपत्रं ठेवून घेणार नाही, काम सोडल्यापासून आठ दिवसांत रिलीव्हिंग लेटर देऊ, मग थकबाकीचा वाद असो वा नसो. मोडलं तर त्या वर्षाची सवलत परत. यात सरकारचा छदामही खर्च होत नाही. उलट सरकारी अनुदानावर उभ्या राहिलेल्या, नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये यायला जो तरुण आज नव्वद दिवस अडकून पडतो, तो तिसाव्या दिवशी येईल.

कंपन्या बेंगळुरू-हैदराबादला निघून जातील, अशी भीती लगेच घातली जाईल. कलम २७ तिथेही आहे, आणि बाँडही. जिथे माणसाला मोकळं फिरता येतं तिथे माणसं जमतात, आणि कंपन्या माणसांमागे जातात. कॅलिफोर्नियातली घरभाडी आणि कर पाहता एव्हाना ते खोरं ओस पडायला हवं होतं. अडचण दुसरीच आहे. धोरणाचा मसुदा तयार होतो तेव्हा टेबलाभोवती उद्योग संघटना असतात, बांधकाम व्यावसायिक असतात, सल्लागार कंपन्या असतात. ज्यांच्या राजीनाम्यावर हा सगळा डोलारा उभा राहू शकतो, त्या इंजिनिअरांचं तिथे कुणी नसतं. पुढच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा वरच्या चार अटी जशाच्या तशा कॉपी करून पाठवा. नोटीस पिरियड चालू असेल तर वेळही भरपूर असेल.